विजेची ट्राम आणि चुंबकसूची

लोहचुंबकात जादू नाही. विजेचा प्रवाह वाहू लागला की त्याच्याभोवती चुंबकत्व निर्माण होते, हे ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० साली दाखवून दिले. लोखंडात असंख्य सूक्ष्म चुंबक असतात. ते एका दिशेस वळले की तुकडा चुंबक बनतो. मऊ लोखंड प्रवाह थांबताच ही शिस्त बहुतांशी सोडते, म्हणून ते क्रेनच्या चुंबकाला चालते. कठीण पोलाद ती टिकवून धरते, म्हणून सुई पोलादाची.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून अशा चुंबकांवर पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद चाले. २ सप्टेंबर १८५९ रोजी सौर वादळाने त्याचा आडवा जोर सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे शेकडा चारांच्या आसपास घटला. ती नोंद आज जगभर अभ्यासली जाते.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत ठरला. ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो, काही जमिनीत झिरपतो. तो सुईला स्वस्थ बसू देणार नव्हता. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे मोजमाप झाले, आकड्यांचा मेळ घातला गेला, आणि मगच कुलाब्याचे काम थांबले. विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. १९६४ साली बंदही झाली. अलिबागची नोंद चालूच आहे.

नवे यंत्र येऊ नये, असे आम्ही कामगार म्हणत नाही. त्याची झळ कोणाला पोचेल हे आधी मोजा, आणि दुसरी सोय उभी राहीपर्यंत पहिली मोडू नका, एवढेच मागतो. सुईसाठी हे करता आले. माणसासाठीही करता येईल.