झटक्यानंतरची गोळी : घ्यावी की सोडावी?



ऊस नोंदीसाठी फिरताना आम्हांस नेहमी विचारले जाते, "साहेब, झटका येऊन गेला, आता बरं वाटतंय. मग कोलेस्टेरॉलची गोळी जन्मभर कशाला?" प्रश्न रास्त आहे.

स्टॅटिन ही गोळी यकृतात तयार होणारे कोलेस्टेरॉल कमी करते. त्यामुळे रक्तवाहिनीत पुन्हा गुठळी होण्याचा धोका घटतो. स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोग्यांवरील चाचणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. आपण निम्म्या सऱ्यांना खत देऊन निम्म्या तशाच ठेवतो ना? तसेच तिथे निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना नुसती तशी दिसणारी. सुमारे साडेपाच वर्षांत नुसत्या गोळीवाल्यांपैकी शंभरात १२ दगावले, खऱ्या गोळीवाल्यांपैकी ८. म्हणजे शंभरात चार जीव वाचले. ते चार कोण, हे मात्र आधी कळत नाही.

काहींचे अंग दुखते, साखर थोडी वाढू शकते. म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा किंवा गोळी बदलता येते. स्नायू फार दुखून लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दाखवावे.

रिपोर्ट चांगला येतो तो गोळी चालू असते म्हणून. ऊस हिरवा दिसला म्हणून आपण पाणी तोडतो का?

— ऊस विकास अधिकारी