शुक्रवार दुपारची लूट

ब्रिटनमध्ये घरांचे व्यवहार बऱ्याचदा शुक्रवारी पुरे होतात. सामान ट्रकमध्ये चढलेलं, किल्ली दुपारी मिळणार, आणि तेवढ्यात वकिलाचा ईमेल येतो : ‘आमचं खातं बदललंय, रक्कम या नव्या खात्यात पाठवा.’

ईमेल वकिलाचा नसतोच. कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरून चोरानं आधीचा सगळा पत्रव्यवहार वाचलेला असतो. रक्कम, तारीख, सगळं तोंडपाठ. पत्त्यातला इंग्रजी ‘एम’ काढून तिथं ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी चिकटवले, की घाईतल्या डोळ्याला फरक कळत नाही. सोमवारी बोंब होईस्तोवर पैसे पसार. या प्रकाराला तिथं नावच पडलं, ‘फ्रायडे आफ्टरनून फ्रॉड’.

नवल म्हणजे, २०२०पर्यंत तिथल्या बँका पैसे पाठवताना खातेदाराचं नाव जुळवून पाहतच नसत. क्रमांक बरोबर, की झालं! त्या वर्षी मोठ्या बँकांनी नावाची पडताळणी सुरू केली. आपल्याकडे एनईएफटी-आरटीजीएससाठी ही सोय देण्याची मुदत रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ ठेवली होती.

तरीही खाते क्रमांक फोनवर वाचून घ्यावाच. तोही ईमेलखालच्या नंबरवर नव्हे (तिथं चोरच फोन उचलतो), पहिल्या भेटीत वहीत टिपलेल्या नंबरवर. पैसे गेलेच, तर लगेच बँक, आणि भारतात सायबर हेल्पलाइन १९३०.