पुष्पावतीच्या खोऱ्यात पायी का जावं?

सह्याद्रीत हिंडणारं कुणी हिमालयातला पहिला ट्रेक कुठला करू असं विचारतं, तेव्हा मी उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातल्या ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’चं नाव सांगते. फुलं तर आहेतच. पण उंची वाढते तसतशी झाडं, गवत, हवा आणि माणसाचा श्वास कसे बदलत जातात, हे इथे दोन-तीन दिवसांच्या चालीत अनुभवता येतं. मला ते फुलांइतकंच मोलाचं वाटतं.

झाडं संपतात तिथवर

अलकनंदेकाठचं गोविंदघाट साधारण १,८०० मीटरवर आहे. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर, म्हणजे इथली सुरुवातच त्याहून उंचावर होते. पुलना गावापर्यंत जीप जाते. तिथून नऊ-दहा किलोमीटर चढून तीन हजार मीटरवरच्या घांघरियात मुक्कामाला पोचायचं. खालची रुंद पानांची झाडं मागे पडतात आणि सूचिपर्णी वृक्ष सुरू होतात. दरीत शिरताना भूर्ज भेटतो. त्याची साल कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्याने सुटते. काश्मीरच्या जुन्या पोथ्या याच सालीवर लिहिलेल्या आहेत. त्याच्याही वर गेलं की झाडं थांबतात आणि पुष्पावती नदीच्या दोन्ही अंगांना गवताळ उतार सुरू होतात.

दरीत खेचरांना मज्जाव आहे, आत एकही दुकान नाही आणि मुक्कामाला परवानगी नाही. सकाळी जायचं, संध्याकाळच्या आत परतायचं. त्यामुळे आत गेल्यावर पाणी आणि वारा ऐकू येतो. हे नियम मला फार आवडतात.

फुलं पाहायची कशी

दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते. बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, म्हणजे ऐन पावसात. वर्षातले कितीतरी महिने जमीन बर्फाखाली असते. उगवणं, फुलणं, बी धरणं हे सगळं उरलेल्या दिवसांत उरकावं लागतं, म्हणून इतक्या जाती एकाच वेळी फुलतात. इथे पाचशेहून अधिक प्रकारच्या वनस्पतींची नोंद आहे. बहर आठवड्यागणिक बदलतो, त्यामुळे जुलैत जाऊन आलेला आणि ऑगस्टअखेर गेलेला वेगवेगळ्या दऱ्यांची वर्णनं करतात.

जाहिरातीतल्या फोटोंसारखा रंगांचा सलग गालिचा शोधत गेलात तर हिरमोड होईल. वाकून पाहावं लागतं. निळी खसखस खडकांच्या कपारीत उगवते. देठावर, पानांवर बारीक काटे, आणि वर रेशमासारख्या पातळ, निळ्या-जांभळ्या पाकळ्या. मधला पुंकेसरांचा पिवळा झुबका पावसातही उठून दिसतो.

ब्रह्मकमळासाठी मात्र शेजारच्या हेमकुंड साहिबच्या वाटेवर, चार हजार मीटरच्या आसपास चढावं लागतं. आपल्याकडे कुंडीत लावतात आणि रात्री फुलल्यावर शेजाऱ्यांना बोलावून दाखवतात, ते मध्य अमेरिकेतून आलेलं निवडुंग. इथलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं आहे. पाकळ्या वाटतात ती खरं तर फिकट, पारदर्शक पानं असतात. खरी फुलं जांभळी आणि चिमुकली. ती त्या वेष्टनाच्या आत थंडी-पावसापासून जपलेली असतात.

मेंढ्या गेल्या, अमेला आला

१९३१ साली कामेट शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती भ्यूंदार खिंडीतून या दरीत उतरले. १९३७ मध्ये स्माइथ पुन्हा आले, आणि त्यांच्या पुस्तकामुळे दरी जगभर पोचली. १९३९ मध्ये फुलं गोळा करताना घसरून मृत्यू पावलेल्या जोन मार्गारेट लेग यांची कबरही आत आहे. पण भ्यूंदार गावच्या लोकांना ही दरी त्याआधीपासून ठाऊक होती. उन्हाळ्यात त्यांची जनावरं इथेच चरायची.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई थांबली. त्यानंतर ‘अमेला’ नावाची उंच, दाट वाढणारी वनस्पती फैलावली. ती छोट्या फुलझाडांचा उजेड अडवते, म्हणून वनखातं ती उपटून काढतं. चराई बंद झाल्यामुळेच ती माजली का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. माझ्या मते दरी पाहणाऱ्याने हा वाद समजून घेतलाच पाहिजे. जंगलातून माणूस वगळला की सगळं आपोआप मूळपदावर येतं, असं इथे तरी दिसत नाही. २००५ पासून ही दरी जागतिक वारसा आहे, पण गावकऱ्यांची रोजीरोटी आता बरीचशी येणाऱ्या-जाणाऱ्यांवर आहे. जून २०१३ च्या महापुरात त्यांची वाट आणि घरं वाहून गेली होती. म्हणून वाटाड्या आणि हमाल स्थानिकच घ्या, आणि मजुरीवरून घासाघीस करू नका.

जायचं ठरलं तर

घांघरियात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दरी करा, हेमकुंड त्यानंतर. हेमकुंड ४,३०० मीटरच्या आसपास आहे आणि चढ अंगावर येणारा. शरीराला आधी एक दिवस मिळाला तर विरळ हवेचा त्रास कमी होतो. डोकं ठणकू लागलं, मळमळलं, तर उतरायला लागायचं. पोंचो, सुके मोजे आणि घट्ट पकडीचे बूट हवेतच. ऋषिकेश-जोशीमठ रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळतात, वाहतूक तासन्‌तास, कधी दिवसभरही खोळंबते. परतीचं रेल्वे आरक्षण करताना दोन दिवस हाताशी ठेवा. रस्ता लवकर मोकळा झाला, तर ते दिवस जोशीमठात घालवता येतील.