नाव मोठे, पण खोडवा कसा?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की तालुक्याच्या पेठेत गर्दी होते. सोसायटीचे कर्ज वळते होऊन, खताची उधारी फिटून जे काही उरते, त्यातून वर्षभर मनात धरलेली एखादी वस्तू घरात येते. कुणाकडे फ्रीज, कुणाकडे वॉशिंग मशीन, कुणाच्या मुलीला अभ्यासासाठी टॅब. आणि फोन तर आता घरटी दोन-तीन आहेतच. हा पैसा बारा-पंधरा महिने शेतात राबून आलेला असतो. दुकानात मात्र तो अर्ध्या तासात जातो, आणि तोही बहुधा एका वाक्यावर: “आण्णा, कंपनी नावाजलेली आहे, डोळे झाकून घ्या.”

डोळे झाकून घ्यावे की उघडून, आणि उघडले तर नेमके काय पाहावे, याविषयी चार शब्द सांगावेत म्हणून हा लेख.

गेल्या हंगामातली गोष्ट. आपल्या एका सभासदांनी दिवाळीत चांगला महागाचा फोन घेतला होता. चौदाव्या महिन्यात, ऐन गळिताच्या दिवसांत, तो चार्ज होईना. वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपलेली. दुरुस्ती केंद्र जिल्ह्याच्या गावी, तेथे सांगितले, “पार्ट मागवावा लागेल, पंधरा दिवस तरी लागतील.” त्याच आठवड्यात मुकादमाने तोडीसाठी फोनवर फोन केले. ते लागले नाहीत, म्हणून टोळी पुढच्या फडात गेली. ऊस आणखी तीन आठवडे उभा राहिला. गट ऑफिसात येऊन ते म्हणाले, “सायेब, फोनचं पैसं गेलं त्याचं काही न्हाई, पण उसाचं वजन गेलं की हो!” कंपनीचे नाव मोठे होते. ते येथे देण्याचे कारण नाही. कारण दोष त्या एका नावाचा नसून नाव पाहून थांबण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

लागण सगळ्यांचीच चांगली दिसते

उसाच्या वाणाची परीक्षा आपण कशी करतो? नव्या बेण्याची लागण कुणाचीही डोळ्यांत भरते. पण जाणता शेतकरी विचारतो, “खोडवा कसा फुटतो?” को ८६०३२ हा वाण इतकी वर्षे आपल्या रानात टिकला, तो फलक लावून नव्हे. लागणीला वजन दिले, खोडव्याला दगा दिला नाही, म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून बेणे नेले.

वस्तूचेही तसेच आहे. पहिल्या वर्षी सगळेच फ्रीज गार करतात आणि सगळेच फोन झटपट चालतात. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या वर्षी काय होते, बिघडले तर कोण येतो, पार्ट मिळतो का, हा वस्तूचा खोडवा. कंपनीचा भरवसा म्हणतात तो हाच. तो जाहिरातीत दिसत नाही, तो विचारूनच कळतो.

नाव तेच, मालक वेगळा

पहिली गोष्ट ही, की नाव आणि कारखानदार हे नेहमी एकच असतात असे नाही. नोकिया हे नाव आपल्याकडे घराघरात होते. पण २०१४ मध्ये नोकियाने आपला फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकला, आणि पुढे २०१६ पासून एचएमडी या दुसऱ्याच कंपनीने परवाना घेऊन त्या नावाचे फोन बाजारात आणले. केल्व्हिनेटर हे फ्रीजचे जुने नाव. तेही हात बदलत बदलत जुलै २०२५ मध्ये रिलायन्स रिटेलकडे आले. नवा मालक वाईटच असतो असे आमचे म्हणणे नाही. पण “आमच्या वडिलांचा फ्रीज वीस वर्षे चालला” एवढ्यावर त्याच नावाचा आजचा फ्रीज घेणे म्हणजे आजोबांच्या बैलजोडीच्या ख्यातीवर नातवाची बैलजोडी विकत घेण्यासारखे आहे.

दुसरे असे, की मोठे नावही आजारी पडते. व्हिडिओकॉन आपल्या मराठवाड्याच्या मातीतले नाव. त्यांचा टीव्ही, त्यांचे वॉशिंग मशीन अनेक सभासदांच्या घरी होते. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी अडचणीत आली की पार्ट आणि सेवा यांची साखळी तुटू लागते, आणि त्याची झळ ग्राहकाला लागते.

तिसरे, एकाच नावाच्या सगळ्या वस्तू सारख्या नसतात. एलजीने एप्रिल २०२१ मध्ये फोनचा धंदा बंद करीत असल्याचे जाहीर केले. पण त्यांचे फ्रीज व वॉशिंग मशीन चालूच राहिले. पुणे जिल्ह्यातील रांजणगावला त्यांचा कारखानाही आहे. म्हणून “ही कंपनी चांगली का?” असा प्रश्न अर्धाच. “ह्या कंपनीचा फ्रीज चांगला का? हे मॉडेल कसे?” असे विचारावे.

चूक कुणाकडून होत नाही?

मग चूक न करणारी कंपनी शोधावी काय? तशी ती मिळणार नाही. चूक झाल्यावर कंपनी कशी वागते, हे पाहावे.

१९८५ सालची गोष्ट सांगतात. चीनमधील चिंगदाव शहरात फ्रीजचा एक डबघाईला आलेला कारखाना होता. झांग रुइमिन हे तेथे नुकतेच प्रमुख म्हणून आले होते. ग्राहकाची तक्रार आली, तेव्हा त्यांनी गोदामातला माल तपासला. ७६ फ्रीज सदोष निघाले. त्या काळी एका फ्रीजची किंमत कामगाराच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी. तरी त्यांनी ते सगळे फ्रीज कामगारांच्याच हातून हातोड्याने फोडविले. त्याच कारखान्याची पुढे हायर ही कंपनी झाली; तिचाही कारखाना आज रांजणगावला आहे. नुकसान केवढे! पण सदोष माल गेटबाहेर जाणार नाही, हा धडा कामगारांना कायमचा मिळाला.

उलट बाजूही पाहा. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ हा महागडा फोन परदेशात विक्रीस आला. काहींच्या बॅटऱ्या पेटू लागल्या. कंपनीने फोन परत मागवून बदलून दिले, तर बदलून दिलेलेही पेटले. अखेर ऑक्टोबरमध्ये त्या फोनचे उत्पादनच बंद करावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने चौकशी करून दोन निरनिराळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांतले दोन निरनिराळे दोष जाहीर केले आणि बॅटरी तपासणीची पद्धत कडक केली. त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या कंपनीकडूनही असे घडले. नाव म्हणजे हमी नव्हे, आणि एक मोठी चूक म्हणजे कायमचा शिक्काही नव्हे, हे दोन्ही यातून घेण्यासारखे आहे.

फोन व टॅब : किती वर्षांची साथ?

फोन हा आता चैनीचा विषय राहिलेला नाही. ऊसनोंद, वजनाचा मेसेज, ई-पीक पाहणी, बँकेचा ओटीपी, सगळे त्यात. फोनचे यंत्र चांगले असले तरी आतली प्रणाली कंपनीने वेळोवेळी सुधारून दिली नाही, तर काही वर्षांनी बँकेचे अॅप चालत नाही आणि चोरट्यांना वाटही मोकळी होते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा, की ह्या मॉडेलला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार?

गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस २४ ला सात वर्षांची मुदत जाहीर केली. पण त्याच कंपन्यांच्या सगळ्याच स्वस्त फोनांना एवढी मुदत नसते. आणि ही मुदत आपण फोन घेतल्या दिवसापासून नव्हे, तर ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात. दिवाळीच्या सवलतीत दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल स्वस्त मिळते, तेव्हा त्याच्या आयुष्याची दोन वर्षे आधीच गेलेली असतात. घेऊ नये असे नाही, पण हिशेब धरून घ्यावे. टॅबच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच विचारावा; पोराचे शिक्षण पाचवीपासून दहावीपर्यंत चालते, टॅब मात्र दोन वर्षांत जुनाट होतो असे व्हायला नको.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोन व टॅबसाठी नियम केला आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि ८०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरीत ८० टक्के ताकद शिल्लक पाहिजे. हा कायदा तिकडचा. पण हेच तीन प्रश्न आपण आपल्या दुकानदाराला विचारू शकतो. अपडेट किती वर्षे? पार्ट किती वर्षे? बॅटरी बदलून मिळते का, कुठे आणि कितीला?

नवा वा जुना फोन घेताना *#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक बिलाशी व खोक्याशी ताडून पाहावा. KYM ही तीन इंग्रजी अक्षरे, मध्ये जागा सोडून तो क्रमांक, असा मेसेज १४४२२ वर पाठविला की फोनची खरी माहिती कळते.

घरातली यंत्रे : खुणा वाचा

फ्रीजवरचे तारे पाहून अनेकांचा समज होतो, की पाच तारे म्हणजे टिकाऊ. तसे नव्हे. तारे विजेची बचत सांगतात, टिकाऊपणा नव्हे. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील आणि लेबल कोणत्या काळाचे, हे छापलेले असते. निकष वेळोवेळी कडक होतात, त्यामुळे जुने पाच तारे आणि नवे पाच तारे एक नव्हेत.

इस्त्री, गिझर अशा वस्तूंवर आयएसआयची खूण व परवाना क्रमांक, आणि फोन-चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो टाकून खरा-खोटा पाहता येतो. ही खूण म्हणजे सुरक्षिततेची किमान पायरी. ती नसेल तर वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये.

वॉरंटीचे कार्ड दुकानातच वाचावे. “दहा वर्षे वॉरंटी” असे मोठ्या अक्षरांत असते, पण ती बहुधा कॉम्प्रेसरपुरती. बाकीच्या भागांना बहुतेक ठिकाणी एकच वर्ष, आणि गॅस भरण्याचा वा माणसाच्या फेरीचा खर्च वेगळा. विजेच्या दाबाने जळालेली वस्तू बऱ्याच वॉरंट्यांत बसत नाही. आपल्याकडे शेतीपंप सुरू झाले की दाब उतरतो आणि बंद झाले की चढतो. तेव्हा फ्रीज किती व्होल्टपासून कितीपर्यंत चालतो ते विचारावे, आणि गरज असल्यास स्टॅबिलायझरचे पैसे किमतीतच धरावेत. बोअरचे पाणी जड असेल तर गिझर व वॉशिंग मशीनमध्ये क्षार बसतात; तेथे कंपनीला दोष देऊन भागत नाही.

शेजाऱ्याला विचारा, पण एकालाच नको

भरवशाची सर्वांत चांगली माहिती आपल्याच गावात असते. मात्र एका वाफ्यावरून वाणाची परीक्षा करू नये. पाहुण्यांचा एक टीव्ही बिघडला म्हणून कंपनी वाईट ठरत नाही, आणि मेव्हण्याचा एक चांगला निघाला म्हणून चांगलीही ठरत नाही. तेच मॉडेल किंवा तीच मालिका तीन-चार वर्षे वापरणारी पाच-दहा घरे गाठावीत. त्याहून चांगले म्हणजे तालुक्यातल्या दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे, “तुझ्याकडं काय जास्त येतंय? आणि कशाचा पार्ट मिळत न्हाई?” विकणाऱ्यापेक्षा उघडून पाहणाऱ्याला जास्त माहीत असते. पावती असलेले अधिकृत दुरुस्ती केंद्र किती कोसांवर आहे, हेही आधीच पाहावे. दहा टक्के स्वस्त पडलेली वस्तू घेऊन चार खेपा जिल्ह्याला झाल्या, तर ती स्वस्ताई एसटीच्या तिकिटात आणि बुडालेल्या रोजात जाते.

पक्के बिल घ्यावे, त्यावर मॉडेल व क्रमांक लिहून घ्यावा, आणि ते सातबाऱ्याच्या फाईलीतच ठेवावे. तक्रार ऐकली गेली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वस्तू पाच लाखांपर्यंतची असेल तर त्यास फी नाही. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूलाही हेच लागू आहे.

बंधूंनो, काट्यावर गाडी चढली की आपण वजनाचा आकडा डोळ्यांत तेल घालून पाहतो, आणि पाहिलाच पाहिजे. त्याच उसाचा पैसा दुकानात मोजताना मात्र डोळे झाकायचे, हे बरे नव्हे. आपापल्या गट ऑफिसात एक वही ठेवली, आणि कुणी कोणती वस्तू कधी घेतली, किती वर्षे चालली, दुरुस्तीला किती दिवस लागले, एवढे चार रकाने सभासदांनी भरले, तर दोन-तीन हंगामांत कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरा हिशेब आपल्या हाती येईल. एकट्याचा अनुभव तोकडा पडतो; दहा जणांचा एकत्र केला की त्याचे शहाणपण होते. सहकार तरी दुसरा काय आहे?