चेहऱ्यावरचा भाव कुणाचा?

आमच्या घरात माझ्या थोरल्या बहिणीचा एकच फोटो आहे. तालुक्याच्या गावी, स्टुडिओत, १९६६ साली काढलेला, कृष्णधवल. चार वर्षांची ताई खुर्चीवर बसली आहे. ओठ मिटलेले, डोळे थेट आपल्यावर रोखलेले. पुढच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. माझा जन्म त्यानंतरचा. फोटो पाहिला की आई म्हणायची, ‘‘तिला आधीच कळलं होतं रे.’’ या वाक्यामुळेच मी लहान मुलांच्या जुन्या छायाचित्रांच्या नादी लागलो. त्या चेहऱ्यांवर दिसणारा भाव नेमका कुणाचा असतो?

पहिला दाखला ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांचा. डिसेंबर १८६३मध्ये लेक-जावयांनी त्यांना कॅमेरा भेट दिला, तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावर कोळशाच्या कोठीची डार्करूम आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ करून त्यांनी काम सुरू केले. त्या काळी काचेवर कोलोडियनचा थर देऊन तो ओला असतानाच चित्र घेत. कॅमेरन यांच्या चित्रांना कित्येकदा काही मिनिटे लागत आणि तेवढा वेळ समोरच्याने हलायचे नाही. त्यांनीच लिहून ठेवले आहे, की सुरुवातीचे एक चित्र एका मुलाला हसू फुटल्यामुळे वाया गेले. मग त्यांनी एकट्या मुलीला बसवले आणि हललीस तर माझी रसायने व श्रम फुकट जातील, अशी गळ घातली. जानेवारी १८६४मधले अ‍ॅनी फिलपॉटचे हे चित्र त्यांनी आपले पहिले यश मानले. अ‍ॅनीचे गांभीर्य आपल्याला तिच्या स्वभावातले वाटते. त्यात त्या विनवणीचाही वाटा आहे. हसू काचेवर टिकले नाही, गांभीर्य टिकले.

रंगांचेही तसेच. कोलोडियनला निळा प्रकाश चटकन कळतो, तांबडा जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे निळे डोळे फिके, पाणीदार उमटतात आणि गालांवरची लाली काळसर होते. आपल्याला म्लान वाटणारे मूल प्रत्यक्षात गुबगुबीत, लाल गालांचे असू शकते.

दुसरा दाखला चार्ल्स डार्विन यांच्या माणसाच्या व प्राण्यांच्या भावाभिव्यक्तीवरील १८७२ सालच्या ग्रंथातला. त्यातले ऑस्कर रेजलँडर यांचे रडणारे मूल इतके लोकप्रिय झाले, की त्याच्या हजारो प्रती खपल्या. पण अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की ते मूळ छायाचित्र नव्हे. रेजलँडर यांनी त्यावरून हाताने चित्र रेखाटले आणि त्या चित्राचा फोटो घेतला. रडणे खरे होते, पण लोकांनी पाहिले ते कागदावर पुन्हा काढलेले रडणे.

पुढे फिल्म वेगवान झाली, सेकंदाच्या अंशात चित्र मिळू लागले. मग निवड महत्त्वाची ठरली. डायान आर्बस यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हातात खेळण्यातला हातबॉम्ब घेतलेल्या मुलाचे फोटो काढले. त्या रोलच्या कॉन्टॅक्ट शीटवर तो मुलगा बहुतेक चौकटींत चारचौघांसारखा आहे, हसतोही आहे. आर्बस यांनी निवडली ती चौकट, जिच्यात त्याचा चेहरा वेडावाकडा आणि रिकाम्या हाताचा पंजा आखडलेला आहे. म्हणून ते चित्र खोटे म्हणावे, तर तोच मुलगा मोठेपणी म्हणाला, की तेव्हा आई-वडिलांचा घटस्फोट झाला होता आणि तो खरोखरच एकाकी व वैतागलेला होता.

तेव्हा मुलाच्या छायाचित्रातला भाव एकट्या मुलाचा नसतो. प्लेटला किंवा फिल्मला लागणारा वेळ, काढणाऱ्याचा शब्द, त्याची निवड आणि पाहणाऱ्याचे दुःख हे सारे त्यात मिसळलेले असते. पुराव्यासारखा तो वापरू नये. खोटा म्हणून टाकूनही देऊ नये. विचारायचे ते एवढेच, की शटर उघडण्याआधी काय घडले?

हा प्रश्न मी आईला गेल्या वर्षी विचारला. वय वर्षे शहाऐंशी. थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘अरे, सारखी खिदळत होती. फोटोवाला दोनदा ओरडला तिच्यावर.’’

आमच्याकडे फोटो एकच आहे. पण आता आई तो दाखवताना त्या ओरडण्याआधीची गोष्टही सांगते.