मेमरी वाढवावी की प्रोसेसर बदलावा?



स्नेहसंमेलनाचे चित्रण आता मोबाइलवर होते. पण ते जोडून, लहान करून सगळ्यांना पाठवायचे म्हटले की संगणक तासन्‌तास चालत राहतो. मध्येच वीज गेली तर काम बहुधा पुन्हा पहिल्यापासून! मग कोणी सांगतो, "रॅम वाढवा." दुसरा सांगतो, "छे, प्रोसेसरच बदला." दोन्हींना पैसे पडतात. म्हणून आधी समजून घेऊ या की हा वेळ जातो कुठे.

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली चित्रे. एका सेकंदात साधारण २५ चित्रे. एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करून बघा, २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात! एका ठिपक्याच्या रंगाला ३ बाइट धरले, तर एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात आणि एका मिनिटाला नऊ गिगाबाइटच्या वर. एवढे कुठे साठवणार?

म्हणून संगणक एक युक्ती करतो. नाचणारी मुले हलतात, पण मागचा पडदा तोच असतो. मग पडदा दर वेळी कशाला लिहायचा? मागच्या चित्रापेक्षा काय बदलले तेवढेच तो लिहून ठेवतो. यालाच एन्कोडिंग म्हणतात. यासाठी २००३ साली एच.२६४ ही पद्धत ठरली. २०१३ साली एच.२६५ आली. तिने फाईल आणखी लहान होते, पण आकडेमोड जास्त करावी लागते.

ही आकडेमोड कोण करतो? प्रोसेसर. मग मेमरी काय करते? शाळेतल्या खिचडीचे उदाहरण घ्या. कोठीखोली म्हणजे डिस्क. भाजी चिरायचा ओटा म्हणजे मेमरी. आणि चिरणाऱ्या मावशी म्हणजे प्रोसेसर. ओटा फारच लहान असला तर मावशींना घडीघडी कोठीत जावे लागते. कामाचा खोळंबा होतो. मेमरी भरली की संगणकाचेही तसेच होते. तो जास्तीची माहिती डिस्कवर ठेवतो, आणि डिस्क मेमरीपेक्षा पुष्कळच हळू असते. अशा वेळी मेमरी वाढवली की मोठा फरक पडतो.

पण ओटा आधीच पुरेसा असेल तर? तो दुप्पट केला म्हणून चिरणाऱ्याचे हात काही दुप्पट चालत नाहीत! ८ गिगाबाइट मेमरीतली अर्धी रिकामीच राहत असेल, तर १६ करूनही एन्कोडिंगचा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो.

आता मावशी वाढवू. प्रोसेसरमध्ये काम करणारे भाग असतात, त्यांना कोअर म्हणतात. ४ चे ८ कोअर केले तर वेळ निम्मा होईल का? नाही. समजा, एका कोअरला ६० मिनिटे लागतात. त्यातले ४८ मिनिटांचे काम वाटून देता येते, १२ मिनिटांचे येत नाही. मग ४ कोअरना १२ + १२ = २४ मिनिटे लागतील, ८ कोअरना १२ + ६ = १८ मिनिटे. फायदा झाला, पण दुप्पट नाही. भाजी चार जणींनी चिरली तरी तांदूळ शिजायचा तेवढा वेळ घेतोच की! हा नियम जीन अॅमडाल या शास्त्रज्ञाने १९६७ साली मांडला.

बऱ्याच नव्या प्रोसेसरमध्ये एन्कोडिंगसाठीच वेगळा भाग असतो. जात्याऐवजी गिरणीवर दळावे तसे हे काम झटपट होते. मात्र फाईल तेवढीच ठेवली तर चित्र थोडे कमी सुबक येऊ शकते. घरच्या-शाळेच्या कामाला ते चालते.

तर पैसे काढण्यापूर्वी हे करा :

१. एन्कोडिंग चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. मेमरी काठोकाठ भरली असेल तर मेमरी घ्या. मेमरी मोकळी आणि प्रोसेसर १०० टक्क्यांवर असेल तर मेमरीवर पैसा घालू नका.

२. नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर बसतो का, ते आधी विचारा. सगळे बसत नाहीत. लॅपटॉपमध्ये तर तो बहुधा बदलताच येत नाही.

३. पंख्यातली धूळ काढा. प्रोसेसर फार तापला की स्वतःच हळू चालतो. या इलाजाला पैसा लागत नाही.

आधी दुखणे ओळखावे, मग औषध आणावे. संगणकालाही हेच लागू आहे!