विश्लेषण : टाकीत इंधन असूनही छोट्या विमानाचं इंजिन बंद का पडतं?

गाडीतलं पेट्रोल संपलं, तर ती रस्त्याच्या कडेला घेता येते. चिकलठाणा विमानतळावरून उडालेल्या एक-इंजिनी विमानाला ती सोय नाही. इंजिन थांबलं की खाली मोकळं शेत आहे की एमआयडीसीतले कारखाने, यावर पुढचं सगळं ठरतं.

इंजिन बंद पडण्याची कारणं अनेक असतात. पण त्यातलं सहज टाळता येण्यासारखं कारण म्हणजे इंधन. अमेरिकेत 2011 ते 2015 या काळात इंधनाच्या नियोजनातल्या चुकांमुळे छोट्या विमानांचे वर्षाला सरासरी 50 हून अधिक अपघात झाले, असं तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सांगितलं. त्यातल्या 56 टक्के अपघातांत इंधन संपलं होतं. 35 टक्के अपघातांत मात्र इंधन विमानात होतं, फक्त ते इंजिनापर्यंत पोहोचलं नाही.

इंधन असूनही पोहोचत का नाही?

छोट्या विमानात सहसा दोन्ही पंखांत एकेक टाकी असते. काही विमानांत वैमानिकाला ठरावीक वेळाने नॉब फिरवून टाकी बदलावी लागते. ते राहून गेलं, तर एक टाकी भरलेली असूनही इंजिन थांबतं.

प्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांचा 12 ऑक्टोबर 1997 रोजी कॅलिफोर्नियात विमान अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या विमानात टाकी बदलण्याचा नॉब डाव्या खांद्यामागे होता. तो फिरवण्याच्या प्रयत्नात त्यांचं विमानावरचं लक्ष विचलित झालं, असा निष्कर्ष तपासात निघाला. निघताना इंधन न भरणं हेही एक कारण नोंदवलं गेलं.

किती इंधन लागतं, हे कसं ठरतं?

चिकलठाणा ते जळगाव हे हवाई अंतर सुमारे 125 किमी आहे. ताशी 200 किमी वेगाने जाणारं आणि तासाला 32 लिटर इंधन पिणारं चार आसनी विमान धरू. सरळ हिशेबाने 38 मिनिटं आणि 20 लिटर पुरेसे वाटतात.

पण समोरून ताशी 40 किमीचा वारा असेल, तर 47 मिनिटं आणि 25 लिटर लागतील. धावपट्टीपर्यंत जाणं आणि वर चढणं, यासाठी साधारण 8 लिटर. जळगावला उतरता आलं नाही, तर परतीचे 17 लिटर. आंतरराष्ट्रीय निकषानुसार दिवसा 30 मिनिटांचा राखीव साठा हवा, म्हणजे आणखी 16 लिटर. एकूण आकडा 66 लिटरवर जातो. रात्री राखीव साठा 45 मिनिटांचा लागतो.

शिवाय टाकीतलं सगळं इंधन वापरता येत नाही. सेसना 152 च्या टाक्यांत सुमारे 98 लिटर मावतात, पण उड्डाणात वापरता येतात 93. म्हणूनच वैमानिक लिटरपेक्षा मिनिटं मोजायला शिकतात.

उड्डाणाआधी काय तपासतात?

केवळ काट्यावर विसंबून न राहता टाकीत पट्टी बुडवून पातळी पाहिली जाते. मग टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढतात. पाणी जड असल्याने ते खाली बसतं. पावसाळ्यात ही तपासणी विशेष महत्त्वाची.

रंगही पाहतात. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक विमानांना लागणारं 'एव्हगॅस 100 एलएल' निळसर असतं. जेट विमानांचं इंधन चुकून भरलं, तर असं इंजिन बंद पडू शकतं. भारत पूर्वी एव्हगॅस आयात करायचा. सप्टेंबर 2022 मध्ये इंडियन ऑइलने देशी एव्हगॅस आणलं.

तरीही इंजिन थांबलं तर?

विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं. सेसना 152 जमिनीपासून 3,000 फुटांवर असेल आणि वारा नसेल, तर ते सुमारे 8 किमी जाऊ शकतं. वेळ मिळतो साधारण 4 मिनिटं. त्यात आधी वेग सांभाळायचा, मग उतरायची जागा हेरायची आणि त्यानंतर टाकी बदलून इंजिन पुन्हा सुरू होतं का, ते पाहायचं.

25 जुलै 2022 रोजी बारामतीचं एक प्रशिक्षण विमान इंजिनाची ताकद गेल्याने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात उतरवावं लागलं. एकटीच उड्डाण करणारी प्रशिक्षणार्थी त्यातून बचावली. खाली मोकळं शेत प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. इंधनाचा हिशेब मात्र प्रत्येक उड्डाणाआधी जमिनीवरच करता येतो.